शालूबाई-गोजरबाईच्या मधली जागा

गाणं पुन्हा बदललं.

शेषराव मुकादम चुना मळायच्या घाणीजवळ पाठमोरा उभा राहून बिडी पेटवत होता. मागे नदीच्या उतारावर बायकांची रांग काम करीत होती आणि तिथून संथ गाणं ऐकू येत होतं, माहेराच्या वाटेचं. बिडी पेटवून तो उताराकडे वळला, दोन पावलं चालला, आणि त्याच गळ्यांतून एकदम ठसक्यात रामाच्या लग्नाचं गाणं सुरू झालं. शेषराव थबकला. काहीतरी विसरल्यासारखं करून परत घाणीच्या आड गेला. थोड्या वेळाने गाणं पुन्हा माहेराच्या वाटेला लागलं.

"काऊन व शालूबाई, गानं मदीच काऊन बदलून राह्यलं?" त्याने काठावरूनच आवाज दिला.

"येकच गानं गाऊन कटाळा येते, मुकादम," शालूबाईने मान वर न करता उत्तर दिलं. "तुमाले कोनतं पायजे थे सांगा, थे म्हनतो."

सगळी रांग हसली. शेषराव हसला नाही. चार माणसं एकदम हसली की त्यातला एक तरी आपल्याला हसतो आहे, हे त्याचं पक्कं मत होतं. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ही पाल एकदा चुकचुकली की मग त्याला भाकर गोड लागत नसे.

काम देऊळघाटचं होतं. पैनगंगेच्या पात्रात दगडी रपटा बांधायचा होता, म्हणजे पुराचं पाणी वरून निघून जावं आणि एरवी कापसाच्या गाड्या चाकं न रुतता पार व्हाव्यात. चुना मळण्याची घाणी वर काठावर होती, कारण बैल आणि पाण्याची टाकी खाली नेणं शक्य नव्हतं. गवंडी खाली पात्रात दगड बसवत. मधला उतार इतका उभा होता, की घमेलं डोक्यावर घेऊन चढ-उतार करणारी बाई दुपारपर्यंत आडवी झाली असती. म्हणून शेषरावाने उतारावर पायऱ्या खोदून पायरीगणिक एकेक बाई उभी केली होती. चुन्याने भरलेलं घमेलं वरून हातोहात खाली जाई, रिकामं तसंच हातोहात वर येई. रांग चालली की गवंडी चालत. रांग अडली की गवंड्यांच्या थाप्या वाळत आणि चुना घाणीतच घट्ट होऊ लागे.

अशी रांग चालवण्यात शेषरावाचा हात धरणारा मुकादम उभ्या मेहकर-चिखलीच्या बाजूला नव्हता, हे त्याच्यावर चिडलेली माणसंसुद्धा कबूल करीत. सगळ्यात चपळ बाई तो वरच्या टोकाला ठेवी, म्हणजे बाकीच्यांना तिच्या हाताने धावावं लागे. जावा-जावा कधी शेजारी येऊ देत नसे. पाणी प्यायला कुणाला सोडत नसे, पाणीच रांगेपाशी फिरवी. सकाळी कामाची खूण दगडावर चुन्याने ओढून दाखवी आणि म्हणे, इथपर्यंत आलं की सुटी. मग बायका त्या खुणेशीच भांडत, त्याच्याशी नाही. आणि त्याचा एक नियम तर घाटातल्या रस्त्याच्या कामापासून प्रसिद्ध होता. रांगेत फट दिसता कामा नये. एखादी बाई बसली, गेली, मेली तरी बाकीच्यांनी त्याच क्षणी सरकून जागा भरायची. "फट पडली की हात थांबते, हात थांबला की तोंड सुरू होते," असं तो म्हणे.

या सगळ्या हुशारीच्या मुळाशी एक जुनी जखम होती. मुकादमी नवी असताना घाटाच्या कामावर त्याने आपल्या माणसांवर डोळे मिटून भरवसा ठेवला होता. एका सकाळी साहेबाला काम दाखवायला घेऊन आला तर कामावर चिटपाखरू नव्हतं. अख्खी टोळी रातोरात दुसऱ्या मुकादमाकडे गेली होती. पसरलेल्या खडीवर साहेबासमोर एकटं उभं राहताना त्याला जी लाज वाटली, ती अजून अंगातून गेली नव्हती. तेव्हापासून त्याने भरवसा ठेवणं सोडलं. कुणी जास्त बोललं तर संशय, गप्प बसलं तर दुप्पट संशय. आपल्या सावलीलासुद्धा त्याने हजेरीला उभं केलं असतं. कुणी दुखण्याचं नाव काढलं तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "खरं काय?" मागच्या थंडीत सत्यभामाबाईने ताप आल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने "सोंगं हायेत" म्हणून तिला संध्याकाळपर्यंत उभी ठेवली होती. ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आलीच नाही. शेषरावाने त्याचाही अर्थ असा काढला, की सोंग उघडं पडल्याची लाज वाटली असणार.

रांगेच्या बरोबर मध्यावर वरच्या बाजूला शालूबाई, खालच्या बाजूला गोजरबाई, आणि दोघींच्या मधल्या पायरीवर त्याची स्वतःची बायको गीताबाई उभी असे. तिला त्याने स्वतःहून कामावर घातलं होतं. मुकादमाची बायको झोपडीत बसून खाते असं कुणी म्हणू नये, हा त्याचा बाणा. सगळ्यांदेखत त्याने सांगितलं होतं, की माझी बायको रांगेत सगळ्यांसारखी उभी राहील, आणि ज्या दिवशी ती बसेल त्या दिवशी तुम्हीही बसा. आणि तिच्यावर मेहेरनजर आहे असा आळ येऊ नये म्हणून कामावर असताना तो तिच्याकडे बघतही नसे. सगळ्या रांगेवरून त्याची नजर फिरे, आणि त्या एका पायरीवरून अलगद उडी मारून पुढे जाई.

दुपारच्या आधी ओव्हरसियर भालचंद्र साहेब सायकल ढकलत आले. बुलढाण्याच्या कारकुनी घराण्यातला तरुण माणूस, नवा नवा नोकरीला लागलेला. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक कागदाला घाबरायचा.

"मुकादम, मृगाआधी रपटा पुरा व्हायलाच हवा. अर्धवट राहिला तर पहिल्या पुरात सगळं वाहून जाईल, आणि मग मला तोंड दाखवायला जागा नाही."

"होते साहेब. रांग चालून राह्यली."

"कुठे चालते? तुळशीराम काय म्हणतो ते ऐका जरा."

तुळशीराम हा गवंड्यांचा म्होरक्या. पात्रातून वर येऊन तो घाम पुसत उभा राहिला. "मुकादम, खोटं नाई सांगत. कवा धडाधड घमेले येते, कवा मी हात चोळत बसतो. तुमी उतारावर उभे असले की बराबर येते. तुमी हटले की ढिल्लं."

शेषरावाने हुं केलं. मी आलो की गाणं बदलतं, मी हटलो की रांग ढिली पडते. गणित जुळत होतं.

ओव्हरसियर साहेबांनी आवाज खाली केला. "तिकडे खामगावच्या बाजूला एका कामावरची माणसं सकाळी आलीच नाहीत म्हणे. आधी महिनाभर कुजबुज चालली होती, मुकादमाला पत्ता नाही. तुमच्याकडे तसं काही नाही ना? तसं झालं तर मला दुसरा मुकादम बघावा लागेल, आधीच सांगून ठेवतो."

साहेब सायकल ढकलत गेले. पसरलेली खडी आणि तिच्यावर एकटा उभा असलेला आपण, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. यावेळी तसं झालं तर मुकादमी संपली. पंचक्रोशीत कोण त्याला पुन्हा काम देणार होतं?

संध्याकाळी तो झोपडीपाशी आला तेव्हा गोजरबाई पाण्याची घागर दाराशी उतरवत होती. त्याला पाहिलं तशी ती पदर सावरून लगबगीने निघून गेली.

"हे काऊन आली होती?"

"पानी घेऊन आली होती," गीताबाई चुलीपुढून म्हणाली.

"तुह्या हाताले काय झालं? आपलं पानी आपन आनाव."

गीताबाईने परात पुढे ओढली. भाकर थापताना ती मध्येच थांबली, परातीच्या काठावर दोन्ही हात टेकून जरा वेळ तशीच राहिली, मग पुन्हा थापू लागली. शेषरावाला ती विचारात पडल्यासारखी वाटली. कसल्या विचारात?

"आयकलं का व," तो जवळ बसत म्हणाला, "ह्या शालू-गोजरीचं काय चालून राह्यलं? दिवसभर तू त्यायच्या मधात उभी असतेस. काईतरी कानावर आलं असंन."

"काई नाई. घरचंदारचं बोलते."

"मी आलो की गानं काऊन बदलते?"

गीताबाईचा हात तव्याजवळ थांबला. "मले काय मालूम," ती म्हणाली. पण त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि ते त्याने बरोबर टिपलं.

हल्ली ती अंथरुणावर आडवीही होत नसे. कुडाला पाठ लावून बसल्या बसल्या डोळे मिटी. विचारलं तर म्हणे, उकडते. पायातले जोडवे तिने काढून गाडग्यात ठेवले होते; त्यालाही काहीतरी कारण सांगितलं होतं. शेषराव बिडी ओढत तिच्याकडे पाहत राहिला. बायको आपल्यापासून काहीतरी लपवते आहे, याबद्दल त्याच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नाही. म्हणजे तीही त्यांच्यातलीच. आपल्याच घरात आपल्याविरुद्ध कट, या विचाराने त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. पण वाईट वाटलेलं कुणाला सांगायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला जातो असं चारचौघांत सांगून तो निघाला आणि नदीच्या खालच्या अंगाने वळसा घेऊन पलीकडच्या काठावर बाभळीच्या आड येऊन बसला. ऊन मी म्हणत होतं. पात्रावर चुन्याची पांढरी धूळ तरंगत होती आणि पलीकडच्या उतारावरच्या बायका लुगड्यांच्या रंगांवरून तेवढ्या ओळखू येत होत्या. गाणं संथ चाललं होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला आणि मधल्या पायऱ्यांवर नजर लावली.

शालूबाईचं हिरवं लुगडं आणि गोजरबाईचं तांबडं लुगडं सारखं एकमेकांकडे झुकत होतं. डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ येत, वेगळ्या होत, पुन्हा जवळ येत. बाकीच्या बायका ताठ उभ्या होत्या, या दोघीच तेवढ्या वाकत होत्या. कुजबुज, दुसरं काय? आणि दोघींच्या मध्ये गीताबाई नुसतीच उभी. सगळं ऐकत असणार. ऐकून रात्री आपल्याला म्हणते, घरचंदारचं बोलते.

बिचाऱ्याला तिथून घमेलं दिसत नव्हतं. दिसलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पुढच्या सकाळी रांग लागण्याआधी शेषराव उतारावर हजर होता. कट मोडायचा तर भांडायचं नसतं, माणसांच्या जागा बदलायच्या असतात. हा त्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा उपाय होता. घाटाच्या कामानंतर दर आठवड्याला तो जागा बदलत असे. या वेळी रांग वेगाने चालते आहे म्हणून चैतापासून तशीच ठेवली, तिथेच चुकलं असं त्याला वाटलं.

"शालूबाई, तू वर घानीपाशी जाय. गोजरबाई, खाली गवंड्यापाशी." जानेफळहून आदल्या दिवशीच नव्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या दोन धिप्पाड बायका त्याने निवडल्या. "तुमी दोघी इथिसा, मधात. मालकीणबाईच्या आजूबाजूनं."

शालूबाई जागची हलली नाही. "मुकादम, आमाले राहू द्या ना इथिसाच."

"काऊन?"

"आमचा हात बसला हाय."

"मंग वरतं बसव. हात का इथिसाच बसते?"

"आजच्या दिवस तरी—" शालूबाईने पुढे बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि गीताबाईकडे पाहिलं. गीताबाईने मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. शालूबाईने ओठ मिटले, पदर खोचला आणि ती पायऱ्या चढून वर गेली.

ती मान हललेली शेषरावाने पाहिली होती. त्याला मनातून विजय झाल्यासारखं वाटलं. बरोबर जागी घाव बसला होता.

आणि रांग काय चालली! गाणं नाही, हसणं नाही, झुकणं नाही. घमेली एकामागून एक सरसर खाली जाऊ लागली. गवंड्यांना मान वर करायला उसंत मिळेना. तुळशीराम खालून ओरडला, "वा मुकादम! आज पान्यावानी येऊन राह्यलं!" ओव्हरसियर साहेब आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "हेच हवं होतं. काय केलंत?"

"काई नाई साहेब. मानसाची नस मालूम पाह्यजे," शेषराव म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं. छडी पाठीमागे धरून तो रुबाबात काठावरून फिरत राहिला. जानेफळच्या बाया दणकट होत्या, भरलेलं घमेलं पोळीसारखं पुढे करीत. मधल्या पायरीवरून त्याची नजर नेहमीसारखी उडी मारत होती.

न्याहारीची वेळ जवळ आली होती. शेषराव घाणीत पाणी किती टाकलं ते वाकून बघत होता, तेवढ्यात खालून घमेलं आदळल्याचा आवाज आला आणि रांगेचा ताल तुटला. कोण पडलं, काय पडलं हे बघण्याआधीच इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"फट पडली! सरका, सरका! हात थांबू देऊ नका!"

बायका सरकल्या. नव्या बायांना नियम कालच सांगितला होता. दोघींनी एकेक पायरी सरकून फट बुजवली आणि त्यांच्या पायांशी बसलेल्या बाईच्या डोक्यावरून पुढचं घमेलं खाली गेलं. मग अजून एक गेलं.

वरून शालूबाई धावत सुटली. पायऱ्यांवरच्या बायकांना ढकलत, घसरत ती खाली गेली, आणि ती कुणाकडे धावते आहे हे बघायला शेषरावाने मान वळवली. गीताबाई पायरीवर बसली होती. आंघोळ घातल्यासारखं तोंड घामाने भिजलेलं, ओठ निळसर झालेले. एका हाताने तिने छाती धरली होती आणि दुसऱ्या हाताने सांडलेला चुना गोळा करून घमेल्यात भरायचा प्रयत्न करीत होती.

शेषराव कसा खाली पोचला ते त्याला आठवत नाही. तो तिच्याजवळ वाकला तेव्हा त्याला तिचे पाय दिसले. घोट्यापासून वर सुजून टम्म झालेले. जोडवे का काढून ठेवले होते, ते त्याला त्या क्षणी कळलं.

"हे कवापासून?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं, कोण जाणे.

"चैतापासून," शालूबाई म्हणाली. तिचा आवाज चिडलेला होता आणि ती रडत होती. "चैतापासून तिच्या हाताले भरेल घमेलं लागू देलं नोतं आमी. माह्या हातातून सीदं गोजरीच्या हातात. तिच्या हातानं रिकामे घमेले तेवढे वर येत. तुमी जवळ आले की गानं बदलवाचं, मंग थे हात लावे. तुमी गेले की पुन्हा आमी."

"मले काऊन नाई सांगतलं व तुमी?"

"सत्यभामाबाईनं सांगतलं होतं ना," शालूबाई म्हणाली. पदराने ती गीताबाईचा घाम पुसू लागली.

तुळशीरामाने गाडी जुंपून आणली. गाडीत गवत टाकून गीताबाईला कुडाला टेकावं तसं शेषरावाच्या छातीला टेकवून बसवलं, कारण आडवी झाली की तिला श्वास मिळेना. बुलढाण्याचा चढ बैलांनी फेस गाळत पार केला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. हे काळीज पुष्कळ महिन्यांचं थकलेलं आहे, ते म्हणाले. जड उचलायला नको होतं. शेषरावाने मान डोलावली. कुणाला खरं-खोटं विचारायची त्याला आज गरज वाटली नाही.

दोन-चार दिवस तिला बरं वाटल्यासारखं झालं. उशाशी बसून तो तिला कपाने पाणी पाजी. सगळी वर्षं दुसऱ्यांच्या हातांकडे पाहणाऱ्या त्या माणसाला बायकोचे हात पहिल्यांदा दिसत होते. चुन्याने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग होता. तो कधी पडला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मले तरी सांगाचं," तो म्हणाला.

"सांगतलं असतं तं मले घरी बसवा लागलं असतं तुमाले. तुमी सगळ्यायच्या मोरं शब्द देला होता." ती दम घ्यायला थांबली. "शब्द गेला असता तुमचा."

"आगीत जाओ थो शब्द."

गीताबाई हसली. मग बऱ्याच वेळाने, तो समजला की तिला झोप लागली, तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "तुमी दिवसभर सगळ्यायकडं पाहत होते. मले वाटे, येकादवेळी चुकून माह्याकडंही पाहान."

शेषरावाने तिचा हात हातात घेतला. अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी गीताबाई गेली. तिला बसवूनच ठेवलं होतं, ती बसल्या बसल्याच गेली.

दिवस करून तो कामावर परतला तेव्हा रपट्याचा शेवटचा पट्टा राहिला होता. त्याने ओव्हरसियर साहेबांना सांगावा धाडला होता की दुसरा मुकादम बघा, पण मृगाच्या तोंडावर दुसरा मिळणार कुठून? साहेब स्वतः आले होते आणि अवघडून उभे होते. बायकाही आल्या होत्या. काम सोडून कुणी गेलेली नव्हती. तो नसताना एकही बाई गेलेली नव्हती, आणि चुन्याची खूण रोज गाठली होती, हे त्याला तुळशीरामाने सांगितलं. शेषरावाने ते ऐकलं आणि घाणीकडे बघत राहिला. अशी बातमी ऐकायला तो उभी हयात कान देऊन बसला होता, आणि आज तिचं काय करावं हे त्याला कळेना.

मग तो उतारावर गेला. शालूबाईला त्याने हात करून वरून बोलावलं आणि तिच्या जुन्या पायरीवर उभं केलं. गोजरबाईला खालून बोलावून तिच्या जुन्या पायरीवर उभं केलं. बाकीच्या आपोआप आपापल्या जागी गेल्या. रांग पूर्ण झाली, तेव्हा दोघींच्या मधली पायरी रिकामी होती. नियमाप्रमाणे सगळ्यांनी सरकायला हवं होतं. कुणी सरकलं नाही, आणि सरका असं कुणी म्हटलं नाही.

"मुकादम," ओव्हरसियर साहेब चाचरत म्हणाले, "मध्ये फट राहिली आहे."

"हाव साहेब."

शेषरावाने छडी घाणीला टेकवून ठेवली. पागोटं काढून तिच्यावर ठेवलं. धोतर खोचून तो पायऱ्या उतरला आणि त्या मधल्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

"अहो, मग रांगेवर लक्ष कोण ठेवणार?"

"थे आपल्या आपन चालते, साहेब," शेषराव म्हणाला. "चालतच होती."

घाणीचा बैल फिरू लागला. वरून पहिलं घमेलं निघालं, हातोहात खाली येऊ लागलं. शेषरावाने दोन्ही हात पुढे केले. शालूबाईने घमेलं घेतलं, कमरेत वाकली, आणि ते त्याच्या पसरलेल्या हातांपुढून सरळ गोजरबाईच्या हातात दिलं. गोजरबाईने ते घेतलंही आणि पुढे दिलंही. मग दोघींच्या एकदम लक्षात आलं.

"चुकलं, मुकादम," शालूबाई जीभ चावत म्हणाली. "हाताले सवय पडली."

"राहू दे," तो म्हणाला. "तसंच राहू दे आज."

दुसरं घमेलं आलं आणि त्याच्यासमोरून गेलं. तिसरं गेलं. भरलेल्या चुन्याचा ओला वास नाकापुढून जात होता आणि त्याचे हात तसेच पुढे होते. मग खालून पहिलं रिकामं घमेलं वर आलं. गोजरबाईने ते त्याच्यापुढे धरलं. शेषरावाने दोन्ही हातांनी ते जपून घेतलं आणि वर शालूबाईला दिलं.

वरच्या टोकाकडून कुणीतरी गाणं धरलं, माहेराच्या वाटेचं, संथ. हळूहळू सगळ्या रांगेने ते उचललं. मुकादम रांगेच्या मधोमध उभा होता, आणि दुपारपर्यंत ते गाणं बदललं नाही.